विहीणबाईंचं वाऱ्याचं मशीन

विहीणबाई, मशीन कुणाचं हा वाद तुम्ही अर्धा टाकून गेलात. हे काही बरं केलं नाहीत. भांडणातून असं मध्येच उठून जायचं नसतं. निदान पदर सावरून "बरं बाई, तुमचंच खरं" एवढं तरी म्हणून जायचं. पण तुम्ही पडलात मुलाची आई. वरमाई! तुम्हाला कोण अडवणार? डेंगीच्या तापाचं निमित्त केलंत आणि निघालात.

परवा तुमचं तेरावं झालं. आलेल्या बायका मला विचारत होत्या, "विहिणीचं आणि तुमचं जमायचं का हो?" काय सांगू? तुमचा प्रशांत आणि माझी मनीषा सकाळी नोकरीला गेले की स्वराला सांभाळायला एक आजी पुष्कळ होती. तरी आपण दोघी जाऊन बसलो नेरळच्या त्या फ्लॅटमध्ये, कारण एकीचा दुसरीवर काडीचा भरवसा नव्हता. मी पोरीला मऊ भात भरवायची, तर तुमचं म्हणणं, दात कशाला दिलेत देवानं? तुम्ही तिला सुक्या जवळ्याची चटणी चाटवायचात, की मी पाण्याचा पेला घेऊन धावायची. तुमचं गाव कडाव, माझं लोधिवली. मध्ये कर्जत आणि चौक एवढंच. पण तुमचं बोलणं असं, की मी कुठून घाटावरून उतरलेय.

दोघींना मिळून एक खोली होती. पहिल्या दिवशी तुम्ही नुसती तुमची पिशवी दिवाणावर ठेवलीत. मी समजले आणि खाली गादी घातली.

आता तुम्हाला कधी न सांगितलेलं सांगते. त्या गादीवर पहिले कितीतरी महिने मी झोपलेच नाही. माझी आई, मला मूल होईपर्यंत माझ्या सासरी पाणीसुद्धा प्यायली नव्हती. मी त्या मानाने सुधारलेली, जावयाच्या घरचा चहा पीत होते, जेवत होते. पण घोरायचं? लेकीच्या घरी, वरमाईच्या कानाशी? आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, "तुझ्यामुळं आपल्या आळीला चोर येत नाय." म्हणून मी भिंतीला टेकून बसायची आणि मान पडली की दचकून उठायची. वर तुम्ही घोरायचात ते मात्र अगदी हक्कानं. खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायचा तुमच्यावर.

पण तुमचं घोरणं मध्येच बंद पडायचं. एकदम चिडीचूप. मी उठून तुमच्या नाकाखाली बोट धरायची, तर वारा नाही. मग एकदम 'खर्रर्र' करून तुम्ही परत यायचात आणि मी बोट मागं घ्यायची. शेवटी मी जावईबापूंना सांगितलं. "चुगली तुमीच केलीत," असं तुम्ही शेवटपर्यंत म्हणत राहिलात. केली. बरं झालं केली.

पनवेलच्या डॉक्टरांनी तुम्हाला वायरी लावून झोपवलं आणि सांगितलं, झोपेत श्वास अडतो, मशीन लावा. मशीन आलं. खोक्यातून डबा निघाला, लांब पाईप निघाला, नाकावर लावायचा मास्क निघाला. तुम्ही सगळ्याकडं पाहिलंत आणि म्हणालात, "ह्याला सिलेंडर कुठं जोडायचा?" त्यात म्हणे साधं पाणी चालत नाही. जावईबापूंनी चौकच्या गॅरेजातून डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणली. तुम्ही बाटलीवरचं बॅटरीचं चित्र बघितलंत मात्र! "म्हंजे बॅटरीत घालायचं पाणी माज्या नाकात? मी काय टेंपो हाय रं प्रशांता?"

एकदा लावलात तुम्ही तो मास्क. लावलात आणि उपटून फेकलात. पुन्हा म्हणून हात लावला नाहीत. प्रशांत रोज विचारायचा, "आई, लावतेस ना?" तुम्ही रोज मान डोलवायचात. मग एक दिवस तो बोलून गेला की मशीनच्या आत चिप आहे, किती वेळ लावलं ते डॉक्टरांना दिसतं. त्या दुपारी तुम्ही तांदूळ निवडत होतात. बराच वेळ निवडलेत. मग माझ्याकडं न बघता विचारलंत, "विहीणबाय, मशीनला नाक वळखता येतं का वो?"

"नाय बा. त्याला काय डोळं हायत?"

"मग लावा तुमी."

"मी?"

"मग काय भिंतीला लावू? मुलाच्या आईचा एवढा बी मान ठेवायचा नाय?"

हा तुमचा हुकमाचा एक्का. माशाची मधली तुकडी तुम्हाला, इको गाडीत खिडकी तुम्हाला, टीव्हीचा रिमोट तुम्हाला, सगळं याच एक्क्यावर. स्वरा शाळेतून येऊन, जेवून झोपली होती. मी मुकाट्यानं दिवाणावर चढले, तुमच्या जागी, पहिल्यांदा. मास्क लावला. बटण दाबलं. एसटीच्या खिडकीत बसल्यावर तोंडावर येतो तसा वारा नाकात शिरला. मनात म्हटलं, आता गुदमरते. आणि पुढचं मला काही आठवत नाही.

उठले तेव्हा बाहेर उन्हं कलली होती. विहीणबाई, कसं सांगू! इतकी वर्षं मी सकाळी उठायची ती रात्रभर भात कांडून आल्यासारखी. त्या दिवशी डोकं असं स्वच्छ झालं की तीन दिवाळ्यांपूर्वी हरवलेली किसणी लोधिवलीच्या घरी माळ्यावर कुठल्या डब्यात आहे तेसुद्धा आठवलं. तेव्हा कळलं, रोग तुम्हाला एकटीला नाही. तो मलाही होता. मी घोरण्याला लाजत बसले होते, आणि तो लाजायचा विषयच नव्हता.

तुम्ही खुर्चीत बसून होतात, मांडीवर तांदळाचं ताट तसंच. म्हणालात, "जित्या हाव ना?"

मग ते रोजचंच झालं. माझी दुपारची झोप आणि तुमचा पहारा. मध्येच माझ्या पायाचा अंगठा हलवून बघायचात. मी चिडायची. म्हणायची, "बाई, झोपू द्या की, तुमच्याच नावावर झोपतेय ना!" मला वाटायचं, चोरी उघडी पडेल म्हणून राखण करताय. एक दिवस तुम्ही आपणहून बोललात. "आमचं ह्ये गेले ना, तवा नाकावर असंच लावलं हुतं. नळी लावली, आणि मग बोललेच नायत. मी म्हनत हुते, काढा ते, त्यांना सांगायचं असंल कायतरी. कुनी काढलं नाय."

मी एवढंच म्हटलं, "मी तर रोज उठते की."

"तेच बगते ना," तुम्ही म्हणालात. "म्हनून तर बसते."

त्या दिवसापासून मी अंगठ्यावरून भांडले नाही.

पण खंडेनवमीचं मात्र मी विसरणार नाही हां! घरातली सगळी हत्यारं तुम्ही पाटावर मांडलीत. विळी, कोयता, मिक्सर, जावयाच्या मोटारसायकलची किल्ली. बरोबर आहे, हत्यारांची पूजा करावीच. त्यात मशीनही बसवलंत, झेंडूची माळ घालून. तेही ठीक. पण देव प्रसन्न व्हावा म्हणून हळदकुंकू कुठं वाहावं माणसानं? पाईपाच्या तोंडात? दुपारी मी भक्तिभावानं मास्क चढवला, बटण दाबलं, आणि भस्सकन सगळं माझ्या तोंडावर. भंडारा उधळल्यासारखी पिवळी झाले मी. शिंका थांबेनात. स्वरा टाळ्या पिटत ओरडली, "आजीचा खंडोबा झाला!" आणि तुम्ही? तुम्ही जमिनीवर बसून, भिंतीचा आधार घेऊन हसत होतात. डोळे पुसत म्हणालात, "सवाष्णीसारख्या दिसताय, विहीणबाय." आपण दोघी बिनकुंकवाच्या बाया. मग मीही हसले.

डॉक्टरकडं तर तुम्ही कमालच केलीत. त्यांनी चिप बघितली आणि म्हणाले, "आजी, वापर छान आहे. पण हे सगळं दुपारचंच दिसतंय. रात्री का नाही?" मी खुर्चीत आक्रसून बसले. तुमची पापणी हलली नाही. "डाक्टर, रातच्याला नात कुशीत येते, पाईप वढते. आनि आमच्याकडं दुपारचीच झोप मोठी असते." डॉक्टर तुमच्याकडं बघत राहिले. मग प्रशांतला म्हणाले, तुम्ही जरा थांबा, आणि आपल्या दोघींना बाहेर बसवलं. तुम्ही माझ्या कानात म्हणालात, "पटलं त्याला."

आणि एका दुपारी मी मास्क घ्यायला गेले, तर तो तुमच्या हातात. "आज मी बगते," तुम्ही म्हणालात. आवाज नेहमीसारखाच होता, पण मास्क उलटा धरला होता. पट्टा मी लावून दिला. तुम्ही आडव्या झालात आणि म्हणालात, "अंगठा धरून बसा. सोडलात तर बगा!" मी धरून बसले. तुमचा श्वास एकदाही अडला नाही. मी चहाला उठले नाही, स्वरा उठली तिला तिथंच घेतलं, अंगठा सोडला नाही. तुम्ही उठलात, मास्क काढलात, खोलीभर नजर फिरवलीत आणि म्हणालात, "अगं बाई. मी हाय की!"

पुढं रात्र तुमची, दुपार माझी. मास्क दुसरा आणलात, "तुमचा शेंबूड माज्या नाकाला नको" म्हणून. झोप पुरी व्हायला लागली तशा तुम्ही गरीब व्हाल असं मला वाटलं होतं. कसलं काय! अंगात जोर आला आणि तुम्ही दुप्पट भांडायला लागलात.

शेवटचं भांडण तेच. मी म्हटलं, पहिलं नाक माझं, पाणी मी भरते, मास्क मी धुते, तेव्हा मशीन अर्धं माझं. तुम्ही म्हणालात, "मोलकरीण भांडी घासते म्हनून टोप तिचा व्हतो का?" मला झोंबलं. मी तोंड फिरवून बसले. तेव्हा तुम्हीच मऊ झालात. "प्रशांतला सांगते, तुमच्यासाठी दुसरं आनंल." मी ताडकन उठले. जावयाकडून मशीन घ्यायचं? लेकीच्या सासरकडून हात पसरून? त्यापेक्षा उभ्यानं झोपेन म्हटलं, घोड्यासारखी! तुम्ही चिडलात. "मग झोपा उभ्यानं! मेलीला आबरू मोठी, जीव बारीक." हे तुमचं माझ्याशी धड भांडणातलं शेवटचं वाक्य. दुसऱ्या दिवशी तुम्हाला ताप भरला.

पनवेलच्या दवाखान्यात प्लेटलेट खाली गेल्या, दम लागायला लागला. नर्स ऑक्सिजनचा मास्क घेऊन आली तेव्हा मनीषा रडायला लागली, प्रशांतनं खिडकीकडं तोंड केलं. त्यांना वाटलं, आता आई घाबरणार. आणि तुम्ही नर्सला म्हणालात, "पट्टा कानामागनं घे गं, गालावर वळ येतो." नर्स म्हणाली, "आजींना सवय दिसतेय." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी पायाशी जाऊन बसले, अंगठा धरला आणि म्हटलं, "झोपा. मी हाय." तुम्ही झोपलात. घाबरला नाहीत, विहीणबाई. एवढं एक मी बघितलं आणि त्याबद्दल देवाचे आणि त्या मशीनचे किती आभार मानू ते कळत नाही. पण उठला नाहीत. त्याचा मला राग आला. अजून आहे.

मग कडावला तुमचे दिवस सुरू झाले, आणि माझं काय झालं ते ऐका. झोप गेली. मशीन तिकडं नेरळला नुसतं पडलेलं, आणि मला सवय लागलेली. डोळा लागला की गुदमरून जाग यायची. दिवसा मात्र कुठंही डोळे मिटायचे. भाकरी तव्यावर करपली, तुमच्या नणंद आत्याबाई करवादल्या. स्वराचे कपडे आणायला कर्जतहून नेरळला निघाले, तर गाडीत डुलकी लागून नेरळच्या पुढं शेलूला पोचले. स्वराला मांडीवर घेतलं होतं, माझी मान पडली तशी ती खाली सरकली, मनीषानं झेललं म्हणून बरं. तेव्हा मी घाबरले. पोरीला माझ्याकडं देऊ नका असं सांगायची वेळ आली होती. आणि उपाय नेरळच्या कपाटावर होता. पण मागायचा कसा? कागदोपत्री, लोकांच्या लेखी, मशीन तुमचं. मुलाकडचं.

तेराव्याला आत्याबाईंनी शय्यादानाची तयारी केली. नवी गादी, उशी, चादर, छत्री, चपला, तांब्याभांडं. तुम्ही जिथं गेलात तिथं तुम्हाला आडवं व्हायला हवं ना! ओटीवर सगळं मांडलं, आणि वर ठेवलं नेरळहून तुमच्या कपड्यांबरोबर आलेलं मशीन. शेजारी बॅटरीच्या पाण्याची बाटली. "वैनीला तिकडं झोप लागाया नको?" आत्याबाई म्हणाल्या. बायकांनी माना डोलावल्या.

भटजी चांगले माणूस, पण चौकस. "हे काय आहे?" आत्याबाईंनी सांगितलं. ते म्हणाले, "मी नेऊन करू काय? आणि दान द्यायचं तर वस्तू चालती हवी. चालू करून दाखवा." आत्याबाईंनी सगळी बटणं दाबली. काही होईना. मनीषाला येत नव्हतं, ती कधी त्या वाटेला गेली नव्हती. प्रशांत मांडवात पाहुण्यांना पानं वाढत होता. भटजी घड्याळ बघायला लागले.

मी उठले. ठरवलं होतं, दाखवते आणि तिथंच सांगून टाकते, हे द्यायचं नाय, ह्यात माझा जीव अडकलाय. पाणी भरलं. वायर लावली. माझा मास्क मशीनच्या पिशवीच्या खालच्या कप्प्यात होता, तो चढवला. भटजींनी विचारलं, "बसून लावतात का झोपून?" आत्याबाई करवादल्या, "नीट दाखवा ना, झोपून दाखवा." म्हणून मी तुमच्या त्या दानाच्या गादीवर आडवी झाले. नाकात वारा आला. सांगायचं वाक्य जिभेवर होतं.

पुढचं मनीषानं सांगितलं तेवढंच मला माहीत. मी झोपले. चाळीस पाहुण्यांसमोर, भर तेराव्याला, लेकीच्या सासरी, मेलेल्या विहिणीच्या शय्येवर, मुलीची आई गाढ झोपली. आत्याबाई किंचाळल्या, "उठवा त्या बाईला, अशुभ हाय!" प्रशांत पळत आला. आत्याबाईंचा हात धरला आणि म्हणाला, "आत्या, झोपू दे. मशीन द्यायचं नाय कुनाला, ते आता ह्यांचं हाय." मग त्यानं सांगितलं. डॉक्टरांनी त्याला त्याच दिवशी सांगितलं होतं, दुपारी या मशीनवर दुसरीच बाई झोपते, आणि पुढं चिपमध्ये तुमची रात्रही दिसायला लागली. तो गप्प बसला, कारण दोघींची झोप होत होती आणि विचारलं असतं तर मी लोधिवलीला निघून गेले असते. पोराला बरोबर कळलं होतं, हो. तुमच्यावर गेलाय.

भटजींनी छत्री, चपला, भांडी घेतली. गादीचं काय, असं कुणी विचारलं तर म्हणाले, "झोपलेल्या माणसाच्या खालून गादी ओढायचं कुठल्या शास्त्रात नाही." पंगती उठल्या, पाहुणे गेले, मांडवाचे बांबू सुटायला लागले, तरी मला कुणी हलवलं नाही.

जाग आली तेव्हा डोकं स्वच्छ होतं. मास्क वर सरकवला आणि खुर्चीकडं वळून तुम्हाला म्हणाले, "मस्त लागली वो आज." तिथं खुर्ची नव्हतीच. पलीकडं भिंतीशी तुमचा फोटो होता, हार घातलेला. आणि तेव्हा मला रडू फुटलं. इतके दिवस डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. बायका कुजबुजत होत्या, विहीणच ती, तिला काय सुतक! मलाही वाटत होतं, मी अशी कशी दगड? तसं नव्हतं, विहीणबाई. झोपच नव्हती, तर रडणार कुठल्या जोरावर? आता झोप झाली होती. मनीषानं धरलं, प्रशांत पाण्याचा तांब्या घेऊन उभा राहिला, आत्याबाई येऊन पाठीवरून हात फिरवायला लागल्या, तरी माझं थांबेना. अंधार पडेपर्यंत रडले. इतकी रडले की नाक गच्च चोंदलं, आणि तुमच्या लेकानं मला दिलेलं ते मशीन पहिल्याच रात्री मला लावता आलं नाही.